पिकअपचा मागचा उजवा दिवा

दि. १२/१२/२०२४

मी, उमा गंगाधर तारळेकर, वय ४६ वर्षे, धंदा – ऑटो इलेक्ट्रिशियन, रा. मालगाव रस्ता, मिरज, जि. सांगली.

समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर राहते व घरालगतच्या गाळ्यात बावीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करते. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून आले आहे आणि पूर्ण सांगितल्याशिवाय जाणार नाही.

दि. १०/१२/२०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास मिरजेबाहेर मेंढ्यांनी भरलेला पिकअप शेतरस्त्याला उजवीकडे वळत असताना मागून ओव्हरटेक करणारी स्कूटर त्यावर आदळली. स्कूटरवरील प्रांजल या नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा पाय मोडला. पिकअपचालक जोतीराम हाके, रा. ता. जत, म्हणतात इंडिकेटर दिला होता. मुलगी म्हणते दिला नव्हता. गुन्हा जोतीराम यांच्यावर दाखल आहे. त्यांची पत्नी राणी काल माझ्या गाळ्यात आली व म्हणाली, "ताई, टिकटिक ऐकूनच वळलो म्हंत्यात. खोटं बोलायचा मानूस न्हाई त्यो. पर आमचं कोन ऐकतंय?"

इंडिकेटर लुकलुकवणारा भाग म्हणजे फ्लॅशर. सदर पिकअपचा फ्लॅशर मी बसवलेला आहे. कंपनीचा फ्लॅशर दिव्यांना किती करंट जातो ते बघतो. एक बल्ब उडाला की करंट कमी होतो आणि टिकटिक दुप्पट वेगाने होते. आमच्याकडचे ड्रायव्हर उतरून दिवे बघत नाहीत, कानानेच ओळखतात. जोतीराम यांनी गणपतीत एलईडी दिवे लावले. ते मुळातच कमी करंट घेतात, म्हणून दिवे धड असूनही टिकटिक घाईने होऊ लागली. ते मला म्हणाले, "ताई, लय घाई करतंय, डोकं उठलंय. एवढं गप करा." मी गप केले.

त्या जागी मी माझ्या हाताने बनवलेला साधा फ्लॅशर घातला. त्यात वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो. तो रेझिस्टरमधून हळूहळू भरतो, तोवर दिवा पेटलेला. मग रिकामा होतो, तोवर दिवा विझलेला. वेग या दोघांवरच ठरतो. पुढे दिवा जोडलेला आहे की नाही, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. दिवा मेला तरी टिकटिक तशीच चालू राहते.

आज सकाळी ठाण्याच्या आवारात पोलिसांसमक्ष मी पिकअप तपासला. उजवा इंडिकेटर दिल्यावर पुढचा दिवा व डॅशबोर्डवरचा बाण लागला, टिकटिकही बरोबर होती. मागचा उजवा दिवा लागला नाही. मेंढ्यांचे मूत हौद्यातून झिरपून त्याची अर्थिंगची वायर सडली होती. सबब जोतीराम खरे बोलतात आणि मुलगीही खरेच बोलते.

तेथून मी दवाखान्यात जाऊन प्रांजलला हे सांगितले. तिने विचारले, "मग चूक कुणाची, काकू?" मी म्हटले, माझी. तिने भिंतीकडे तोंड केले. मला फार वाईट वाटले, तेही लिहावे.

ठाणे अंमलदार म्हणाले, "ताई, हे लिहिलं तर तुमच्यावर शेकेल." मी म्हटले, लिहा. असे एकतीस फ्लॅशर मी बसवले आहेत. त्या सर्वांना फोन करून रोज उतरून मागचे दिवे बघायला सांगितले आहे. ते फ्लॅशर मी बदलून देणार आहे. पहिल्या चार गाड्या उद्या येत आहेत.

मागचा दिवा गेला तर आता आवाजावरून कळणार नाही, हे जोतीराम यांना सांगावे, असे फ्लॅशर बसवताना माझ्या मनात आले होते. पण त्यांनी दोनदा इंडिकेटर लावून ऐकला आणि ते हसले. आपले काम जमले म्हणून मीही खूश झाले व गप्प राहिले.

लिहिलेला जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. "नजरचुकीने सांगायचे राहिले" असे घालू का, म्हणून अंमलदारांनी माझ्या भल्यासाठी विचारले. मी नको म्हटले. मला माहीत होते.

सही/-
उमा गंगाधर तारळेकर