तालाला वीसपैकी अकरा

आणि वर मलाच विचारतात, पाय कशाला हालवला म्हणून! आता तुम्हीच सांगा, पाय काय मी अर्ज करून, मंजुरी घेऊन हालवतो? समोर अकरा बाया खंजेरी वाजवत आहेत, माइक चांगला लागला आहे, फेब्रुवारीतलं कोवळं ऊन पाठीवर येऊन बसलं आहे आणि त्या अकरा जणींत मधोमध आपली बायको उभी आहे… पाय हालणारच की हो! हालला. चांगला साडेसात मिनिटं हालला. पहिल्या रांगेत बसून हालला, अख्ख्या वर्ध्यानं पाहिला. त्याचंही काही नाही. पण त्याच पायाच्या मालकानं नंतर कागदावर ‘ताल : वीसपैकी अकरा’ असं लिहिलं ना, तिथं सगळं नासलं. आणि त्यानंतर जे केलं ते तर विचारूच नका. विचारू नका म्हणतो खरा, पण सांगतोच, कारण तीन आठवडे झाले, आरशात पाहून दाढी करायची चोरी झाली आहे.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

आमच्याकडं थंडी जाता जाता कार्यक्रमांचं पीक येतं. इकडं फुलांचं प्रदर्शन, तिकडं व्याख्यानमाला, मध्ये बचतगटांच्या पापड-सांडग्यांचे स्टॉल, आणि मैदानात तीन दिवसांचा सांस्कृतिक महोत्सव. मी जमीनमोजणीच्या कचेरीत कारकून. गाण्यातलं मला कळतं का? नाही कळत. पण मी बसतो. दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंत बसतो. आभार मानणाऱ्यालाही समोर कोणीतरी हवं ना! तर माझं हे बसणं महोत्सवाचा सर्वेसर्वा धर्मेंद्रभाऊ याच्या नजरेत भरलं. महिला खंजेरी भजन स्पर्धेचा तिसरा परीक्षक ऐनवेळी भाच्याच्या लग्नाला निघून गेला, आणि धर्मेंद्रभाऊ आदल्या दिवशी माझ्या दारात.

“मनोहरराव, तुमी परीक्षक.”

मी म्हटलं, “अबे, माही बायको हाय त्या स्पर्धेत! माधवीचं मंडळ हाय!”

“म्हनूनच तं तुमी पायजे! लोकायले दाखवू ना, वर्ध्यात अजून इमानदारी हाय!”

तुम्हाला सांगतो, इथंच नाही म्हणायचं होतं. पण ‘इमानदारी’ हा शब्द असा आहे की तो कानावर पडला की माझी छाती आपोआप दोन बोटं पुढं येते. आली. मी हो म्हणालो.

आता माधवीचं मंडळ म्हणजे काय ते ऐका. अकरा बाया, त्यांत सगळ्यात मोठ्या अनुसयाबाई, एकाहत्तर वर्षांच्या; माधवीला लेक मानतात, म्हणून मी त्यांचा जवाई. सकाळी बाजारात स्वतःच्या वावरातली मेथी-वांगी विकायची आणि दुपारी आमच्या बैठकीत येऊन तालीम करायची. चाळीस वर्षं खंजेरी हातात. ‘पहाटे गाव झाडणारी बाई’ असं एक भजन त्यांनी स्वतः जुळवलेलं, तेच स्पर्धेला घेतलेलं. महिनाभर मी ते भिंतीपलीकडून ऐकतोय. पहिला नंबर आला तर नागपूरच्या मोठ्या स्टेजवर गायला जायचं होतं. अनुसयाबाई नागपूरला कितीदा गेल्या असतील? दवाखान्यासाठी दोनदा. गाण्यासाठी एकदाही नाही. अकरा जणींनी एकसारख्या लुगड्यांचे काठसुद्धा ठरवले होते.

स्पर्धा झाली. चौदा मंडळं गायली. माधवीच्या मंडळानं काय गायलं महाराज! मैदानातली पोरं पळायची थांबली. पापडवाल्या बाया स्टॉल सोडून आल्या. माझा पाय… ते सांगून झालं. मग निकाल. पहिला नंबर नाचणगावचं मंडळ, दोनशे एकेचाळीस. दुसरा नंबर आमचा, दोनशे छत्तीस. नाचणगावच्या बायांचा काही दोष नाही, त्याही छान गायल्या. पण आमच्या मंडळाला एका परीक्षकानं अठ्ठ्याऐंशी दिलेले, दुसऱ्यानं शहाऐंशी, आणि तिसऱ्या शहाण्यानं बासष्ट!

हे सगळं, तालाच्या अकरा गुणांसकट, धर्मेंद्रभाऊनं माइकवरून वाचून दाखवलं. वर काय म्हणतो? “मायबाप रसिकहो! सख्ख्या बायकोच्या मंडळाले सगळ्यात कमी गुन देनारा मानूस तुमी पाह्यला काय? नाई ना? मंग आज पाहून घ्या! मनोहरराव, उभे राहा!”

टाळ्या! काय टाळ्या! मागून शिट्ट्या! स्टेजच्या कडेला अकरा बाया खंजेऱ्या छातीशी धरून उभ्या. माधवी माझ्याकडं पाहतेय. आणि मी काय करावं? खाली मान घालून बसावं की नाही? घशात काही अडकल्याचं सोंग तरी करावं की नाही?

मी उठून नमस्कार केला!

उजवीकडं केला, डावीकडं केला, मागं वळून केला. चांगला कमरेत वाकून केला हो!

घरी आलो. वाटलं, आता भांडी आपटतील. कुठलं काय! माधवी म्हणाली, “दमले असाल. चहा ठेवू काय?” भांडण केलं असतं तर भांडणात आपण थोडं तरी बरोबर निघतो. चहात काय निघणार? मुलगी आचल मात्र मोबाइल घेऊन आली. “बाबा, ग्रुपवर तुमचा व्हिडिओ आला. चेहरा नाई दिसत. नुसता पाय आहे.” पाहतो तर खरंच, साडेसात मिनिटं माझा पाय, मागे भजन, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं, ‘वीसपैकी अकरा’! दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटल्या सुलोचनाबाई. त्या स्पर्धेतल्या दुसऱ्या परीक्षक, जन्म गेला शाळेत संगीत शिकवण्यात. म्हणाल्या, “मनोहरराव, मला हल्ली कमी ऐकू येतं. तालाचे गुण मी तुमच्या पायाकडं पाहून दिले. अठरा दिले. तुम्ही किती दिले?”

मी घाईत असल्याचं दाखवून सटकलो.

पण हेही चाललं असतं. लोक आठ दिवस हसतात, मग त्यांना दुसरं काही मिळतं. मला मारलं ते अनुसयाबाईंनी. त्या आल्या घरी, मेथीची जुडी घेऊन. मला वाटलं, फेकून मारतात आता. तर माझ्यासमोर खाली बसल्या आणि विचारतात काय?

“जवाई, तुमी शिकलेले मानसं. मले सांगा ना, ताल कुठी चुकला? दुसऱ्या कडव्यात काय? मले वाटतच होतं बापा, हात थरथरते आता. चुकत असीन तं सोडून देईन, खंजेरी माधवीले देऊन टाकीन. उगाच पोरींचं नुकसान कायले?”

चेष्टा नाही, टोमणा नाही. खरंच विचारत होत्या हो! चाळीस वर्षांचा हात, आणि माझ्या अकरा गुणांवर त्यांनी विश्वास ठेवला! आणि मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, “दुसऱ्या कडव्यात… थोडंसं.” थोडंसं! तोंडातून गेलंच ते. त्या दिवसापासून तालमीत दुसरं कडवं आलं की अनुसयाबाई हात आखडून घ्यायच्या. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, दहा खंजेऱ्या वाजताहेत आणि एक थांबून राहिली आहे.

चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी उठलो आणि धर्मेंद्रभाऊकडं गेलो. म्हटलं, “भाऊ, एक गोठ सांगतो, राग मानू नोको. थे बासष्ट गुन मी भजन आयकून देल्ले नाई. स्पर्धेच्या दिवशी सकाळी घरीच पेन्सिलनं लिहून ठेवले होते.”

हो. हेच ते. तुमच्यापासून तरी कशाला लपवू? गुणपत्रिका आदल्या दिवशीच मिळाली होती. सकाळी टेबलाशी बसून मी विचार केला, साठ दिले तर मुद्दाम दिल्यासारखे वाटतील, सत्तर दिले तर लोक म्हणतील बायको आहे. बासष्ट! बासष्ट हा आकडा कसा प्रामाणिक दिसतो! मग भजन झाल्यावर मी फक्त बासष्टची फोड करत बसलो. आवाज चौदा, पाठांतर तेरा, शिस्त बारा, एकूण परिणाम बारा, आणि उरले किती? अकरा. ते गेले तालात. जन्मभर मोजणीच्या कचेरीत बसलेला माणूस मी, पण वावर न पाहता नकाशा काढला!

मला वाटलं, धर्मेंद्रभाऊ शिव्या देईल. तो खुर्चीतून उठला आणि माझे दोन्ही हात धरले. “म्हनजे आयकायच्या आधीच त्याग! मनोहरराव, हे तं अजून मोठं झालं! पुढच्या वर्सी तुमचा सत्कार.” मी म्हटलं, “सत्कार नको, निकाल बदल.” तर म्हणे, “निकाल कसा बदलते? नाचणगावच्या बायायची नागपूरची गाडी ठरली ना.” तिथं बसलेल्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. आणि सवय वाईट हो… मी उठून नमस्कार केला!

घरी आलो तर तालीम सुरू. सरळ बैठकीत शिरलो. तालीम थांबली. मी अनुसयाबाईंसमोर उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं, की तुमचा हात कुठंच चुकला नाही, दुसऱ्या कडव्यात नाही, कुठल्याच कडव्यात नाही. आकडा मी सकाळीच लिहिला होता.

“म्हनजे न आयकता?” अनुसयाबाई.

“न आयकता.”

“आन मंग आयकल्यावर?”

तेवढ्यात माधवी खंजेरीची पितळी चकती पदरानं पुसत म्हणाली, अगदी हळू, जणू पीठ संपलं म्हणून सांगावं तसं.

“मले मालूम होतं. सकाळी टेबलावर चहा ठेवाले आली तवा पाह्यलं मी. बासष्ट.”

“मंग काऊन बोलली नाई?”

“म्हटलं, पेन्सिलनं हाय. आमचं आयकतीन आन खोडतीन.”

तुम्हाला सांगतो, ती बासष्ट वाचून स्टेजवर गेली होती. वाचून गायली होती. आणि पूर्ण साडेसात मिनिटं माझ्या पायाकडं पाहून तिला वाटत होतं की खोडणार, आता हा खोडणार!

अनुसयाबाईंना मात्र एवढंच कळलं की आपला हात शाबूत आहे. चेहरा असा उजळला! “म्हनजे मी बरोबर हाय! उठा वो बायांनो, दुसरं कडवं घ्या. जवाई, तुमी बाहेर बसा.”

बसलो.

परवा रविवारी समुद्रपूरला दुसरी स्पर्धा होती. मी गेलो, पण अगदी मागे, मंडपाच्या खांबाआड. पाय दुमडून त्यावर बसलो. बाया अप्रतिम गायल्या. आणि निकाल? दुसरा नंबर! पहिला ज्या मंडळाला मिळाला, त्यातली मुख्य गाणारी बाई परीक्षकाचीच बायको. त्या पठ्ठ्यानं तिच्या मंडळाला शंभरपैकी शंभर दिलेले! लोक भडकले, ओरडले, ‘शेम शेम’ झालं. तो खुर्चीत बसून खुशाल भुईमुगाच्या शेंगा फोडतोय. उठला नाही, नमस्कार नाही, काही नाही.

परतीच्या एसटीत मी माधवीच्या शेजारी बसलो. म्हटलं, “हा तं सरळसरळ अन्याय झाला.”

“झाला ना,” ती खिडकीतून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पाहत म्हणाली. “पर त्यानं आपल्या बाईसाठी केला. तुमी कोनासाठी केलता?”

राजेहो, रस्ता काही थोडा नव्हता. सगळी गावं आली, गेली. वर्ध्याचं बसस्टँड आलं. अकरा जणी उतरल्या. मी मुकाट्यानं सगळ्या खंजेऱ्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि त्यांच्या मागोमाग निघालो. दहा पावलं गेलो नसेन, पुढून अनुसयाबाई म्हणाल्या,

“जवाई, हळू चाला जी. वाजून राह्यल्या.”

मी हळू चाललो.