सर्व्हरची चावी

किन्हवलीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत गणू मागच्यांचं बोलणं कान टवकारून ऐकत बसला होता. मागच्या बाकावर तांदूळ विकणाऱ्या महिला गटाची कमळमावशी, अन् शेजारी गटाच्या ऑर्डरी साठवणारा सर्व्हर सांभाळणारा दिपेश, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

"मावशी, काल आपल्या सर्व्हरवर हजार वेळा कुनीतरी पासवर्ड टाकून बघितला."

"कोन रे मेला?"

"चोर मशीन लावून ठेवतात. म्हनून पासवर्डच बंद केला. आता ज्याच्याकडं चावीची फाइल असंल तोच आत जानार."

"ती कुठं हाय?"

"माझ्या लॅपटॉपात."

"अन् तू चालला पुन्याला नोकरीला. आमच्या सगळ्या ऑर्डरी आत!"

"माझ्यावर विश्वास नाय?"

"देवळाच्या भांड्यांच्या खोलीची चावी बी गाव सोडनारा देऊनच जातो. माझ्या मनस्वीची चावी घाल."

"तिनं पाठवलेली घातली बघा आत्ताच. विचारा तिला."

मावशीनं लेकीला फोन लावला.

"गो, आत गेलीस? बरं." फोन ठेवला. "गेली म्हनते. आता तुझी चावी काढ."