ब्रेकवर माहा पाय

...आन तेही कुठं? तर माह्या अंघोळीच्या बकेटीत! इंजनचं जुनं ऑइल, काळंकुट्ट, डांबरासारखं, सारं माह्या बकेटीत सोडलं वो या माणसानं! म्हटलं, "अवो, गावात गॅरेज नाई का?" तर आमचे बबनराव, म्हणजे माहे मालक, ट्रकखालूनच म्हणते, "गॅरेज कायले? घरच्या घरी होते!" ट्रक तरी कोणता, तुमाले सांगते... आमच्या आकांक्षाहून वयानं मोठा, आन तिचं लगन होऊन गेलं! पण जीव? लेकीपेक्षा त्याच्यावरच!

बरं, ऑइल झालं, रेडिएटरचं पाणी झालं, मले वाटलं सुटली बाप्पा... तर पुन्हा आवाज! "अवं, इकडं ये. ब्रेकमंधी हवा धरली, काढा लागते. चढ वर."

मी? ड्रायवरच्या जाग्यावर? सारी जिंदगी बाजूच्या सीटवर बसली मी, तेही कोणाच्या लग्नाले जायचं असलं तं! साडी खोचली, चढली. खालून सूचना सुरू... "मधातली ब्रेकची पट्टी दाब. दाब, दाब, दाब, आता धर! मी चाकाजवळचा नट ढिला करतो, हवा निघते, नट कसतो, तवाच सोडजो. त्याच्या आंधी पाय काढू नको!"

सोपं वाटते ना? बसून पाहा एकडाव!

"दाब!" दाबलं. "धर!" धरलं. आन ती पट्टी आपोआप खाली जाऊन राह्यली ना... म्हटलं, मोडलं काहीतरी! "पाय काढू नको!" नाई काढला. एक चाक झालं. आन दुसऱ्या चाकाले कोण यावं? शेजारची रीता, हातात वाटी! "काकू, विरजण आहे का वो? आन तुमी ड्रायवर कईपासून झाल्या?" आता पोरगी बोलून राह्यली तं उत्तर नाई द्यायचं का? मी वाकली, म्हटलं, "फ्रिजमंधी आहे, घे"... पाय? पाय कुठं गेला, मले काय माईत! खालून बोंब, "काढला! काढला पाय बाईनं! घुसली न हवा परत!"

झालं! पुन्हा पहिल्यापासून. दाब, धर, पाय काढू नको... पोटऱ्या भरून आल्या, कंबर गेली, आन हे एकदाचे बाहेर निघाले, हात पुसत म्हणते, "झालं. उतर."

मी सहज पट्टी दाबून पाह्यली. म्हटलं, "अवो, नरम लागते."

"चालते वं तेवढं."

चालते? उद्या हिंगणीहून कापूस भरून समुद्रपूरले जायचं होतं बबनरावले! इतके वर्षं मी दारात बसून हॉर्नची वाट पाह्यली... आन मले तवा कळलं वो, हा माणूस घरी येते तो या एवढ्याशा पट्टीच्या भरोशावर! म्हटलं, "ते दुसरं चाक पुन्हा करा. मी उतरत नाई."

"पाठ गेली वं माही..."

"जाऊ द्या! चोळून देईन. पण पट्टी टणक झाल्याबगर मी पाय काढत नाई!"

मोठ्यानं बोलली मी. मंग हे सरकले ट्रकखाली. दाबलं, धरलं... आन खालून बारीक आवाज आला, "निघाली वं. मोठी हवा होती... बरं झालं, बोलली."

बरं झालं बोलली! लग्नापासून हे वाक्य ऐकलं नव्हतं मी! डोळ्यात पाणी आलं, पण पाय नाई काढला. पट्टी कशी, दगडावानी टणक!

गेले कापूस घेऊन, सुखरूप आले वापस. पण वाटेत जो भेटला त्याले सांगत आले ना, "आमच्या बाईच्या पायाले हवा समजते!" आज सकाळी भाकर तव्यावर टाकली, आन दारात गावातले रूपराव, आपली खटारा जीप घेऊन. "वैनी, दोन मिनिटं पाय देता का?" त्यायच्या मागं कवडूचा टेम्पो!

आता नाई कशी म्हणू? गॅस बंद केला, आन गेली चढून.