गळ्यापर्यंत भरलेली टाकी

(विश्रांतवाडीतलं गॅरेज. श्रद्धाची गाडी जॅकवर, तिच्याखाली मेकॅनिक उत्तरेश्वर. शेजारी स्टुलावर श्रद्धाचे वडील नागोराव, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर.)

नागोराव : सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण कात्रजचा घाट मी नुसत्या डिझेलच्या वासावर चढलोय. टाकी कोरडी, गाडी खच्चून भरलेली आणि मागून आमचा कंडक्टर धोंडिबा डबल बेल देतोय. बेल ऐकली की इंजिन निमूट पुढं.

श्रद्धा : मागच्या वेळी पायथ्याशी बैल जोडले होते, बाबा.

नागोराव : ती वेगळी खेप.

श्रद्धा : उत्तरेश्वर, मी थकले आता. तोच इंजिनचा पिवळा दिवा, चौथ्यांदा. तुम्ही स्कॅनर लावून घालवता, आठवड्यात परत हजर. शनिवार-रविवार सोडले तर मी खराडीला कंपनीच्या कॅबनं जाते. बाबांची साखर उतरली आणि गाडी दुभाजकावर चढली, तेव्हापासून यांचं चालवणं बंद आहे. म्हणजे उभ्या गाडीचा दिवा पेटतोय. रविवारी गिऱ्हाईक येतंय. एकदाचं नीट करा, मी ती विकून मोकळी होते.

नागोराव : विकायची कशाला? दिवा म्हणजे काय, गाडी डोळा मारते जरा. आमच्या गाड्यांना पुढचे दिवेसुद्धा नसायचे. धोंडिबा टपावर बसून काजवे दाखवायचा.

उत्तरेश्वर : मॅडम, दिव्याचं कारण आज सापडलंय. मागं टाकीजवळ हा काळा डबा हाय, आत कोळसा. टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर हवेत जाऊ नये म्हणून हा धरून ठेवतो, गाडी चालली की इंजिन ती ओढून घेतं. ह्याच्यात नुसती वाफ यायला पाहिजे. उलटा केला तर पेट्रोल सांडलं.

श्रद्धा : मग झाकण बदललंत, पाइप बदललात, ते उगाच?

उत्तरेश्वर : उगाच. माझंच चुकलं, आधी हा डबा काढून बघायला पाहिजे होता.

श्रद्धा : पण पेट्रोल त्यात गेलं कसं?

उत्तरेश्वर : पंपावर नळी टक् करून आपोआप थांबती, तिथं आपणपण थांबायचं. त्याच्यावर 'अजून घाल, अजून घाल' करून गळ्यापर्यंत भरलं की जास्तीचं ह्या डब्यात उतरतं. एकदोनदा नाय होत असं. सारखं कोणीतरी भरतंय.

श्रद्धा : मी दिवाळीपासून पंपावरच गेलेली नाही. काटा खालीच येत नाही. तो अडकलाय, तेही बघा म्हणून सांगणार होते.

उत्तरेश्वर : काटा बरोबर हाय. टाकीच काठोकाठ हाय.

नागोराव : ऊन. विश्रांतवाडीच्या उन्हात पेट्रोल फुगतं. आमच्या डेपोत उन्हाळ्यात टाक्यांखाली बादल्या लावायला लागायच्या.

श्रद्धा : आणि किलोमीटर? तेही उन्हानंच फुगले?

नागोराव : उभ्या गाडीचेही पडतात थोडे. वाऱ्यानं.

उत्तरेश्वर : मी चहा सांगून येतो.

श्रद्धा : थांबा तुम्ही. बाबा, दर बुधवारी तुम्ही स्वारगेटला धोंडिबाकाकांकडे जाता. कसे जाता?

नागोराव : बसनं. पास आहे माझा. ड्रायव्हर उठून उभा राहतो, म्हणतो, साहेब, आज तुम्ही चालवा. मी म्हणतो, नको रे. धोंडिबाला अर्धांग झाल्यापासून दिवसभर छताकडे बघत पडलेला असतो. मुलगा-सून कामावर. मी गेलो की चार घास खातो. तेवढा त्याचा बुधवार मोडू नकोस, श्रद्धा.

श्रद्धा : तुम्ही बसनं जाता. मग गाडी विकल्यावर बुधवार कसा मोडेल?

नागोराव : मी आपलं सहज म्हणालो.

श्रद्धा : उत्तरेश्वर, नवा डबा बसवा. गिऱ्हाइकाला मी 'नाही' म्हणून कळवते. किल्ली मात्र आजपासून माझ्या पर्समध्ये. बुधवारी मी अर्धी रजा टाकेन. गाडी मी चालवणार, तुम्ही दोघं मागे बसा.

नागोराव : दोघं? अगं, त्याला उंबरा ओलांडता येत नाही. तो कुठला येतोय गाडीत?

श्रद्धा : काकांचा सकाळी फोन आला होता, बाबा, तेव्हा मला अर्थ लागला नाही. कात्रजचं तळं बघून आलो म्हणाले. जाताना आणि येताना मागच्या सीटवरून तोंडानं डबल बेल दिली म्हणे.