पडद्याला लावलेली लड

लस्साद : आता बघा मावशी. टीव्हीचं 'झगमग' काढून 'सिनेमा' लावलंय.

मबरूका : आता तपकिरी झाला. मघाशी लाल होता, त्याआधी जांभळट. माझ्या पोरानं एका बोटीत किती स्वेटर बदलले म्हणायचे?

सालहा : ताई, तुझाच पोर हे अजून ठरलंय कुठे? पाठमोरा आहे तो.

मबरूका : म्हणून तर रंग हवाय. बोट उलटली एवढं सगळं जर्जीस गाव सांगतंय. वर काढलेल्यांत कोण, ते कुणी सांगत नाही. वजदीचा फोन बंद. हाती काय, तर पोरांना वर काढणाऱ्या जहाजावरचा हा एवढासा व्हिडिओ. माझ्या धाकट्या बहिणीला समजत नसेल, लस्साद, तुला तरी समजतं ना?

सालहा : मला समजत नाही? मीही मावशी आहे त्याची.

लस्साद : फोनवर कसा दिसत होता?

मबरूका : नुसता डाग. तूच म्हणालास दुकानात, खोक्यावरही छापलंय, 'जसा रंग, तसा पडद्यावर'. तोडे मोडून आणलाय मी हा.

लस्साद : खोक्यावर कंपनी छापते. मी फक्त वाचून दाखवलं.

सालहा : म्हणजे खोटं खोक्यानं बोलायचं आणि पैसे तू घ्यायचे. बरी वाटणी आहे.

लस्साद : खरं सांगू? याच्यात तसला पडदाच नाही. अब्ज रंग म्हणतात, त्यातले निम्मेही दाखवत नाही. बाकीचे भडक करून वेळ मारून नेतो. लोक लग्नाचे व्हिडिओ लावतात, नवरी लालेलाल दिसली की खूष. मला काय माहीत, तुम्ही यात...

मबरूका : बोल ना. पोराला शोधाल म्हणून.

लस्साद : रिमोट द्या, दुसरं काही लावून बघू.

मबरूका : पुढचं बटण दाब. अजून पुढचं. थांब. हा, हाच. सालहा, त्याच्या स्वेटरची उरलेली लड आण. पडद्याला लाव.

सालहा : मी नको गं, तूच लाव.

मबरूका : माझा धीर होत नाही. म्हणून तर तुला सांगतेय.

(सालहा लोकरीची लड पडद्यावरच्या मुलाच्या पाठीला टेकवते.)

लस्साद : जुळलं, मावशी. विटकरीला विटकरी. लड कुठे संपते आणि पोरगा कुठे सुरू होतो, कळत नाही.

सालहा : अल्लाचे उपकार. ताई, आता तरी रड. मी शेजारी सांगून येते.

मबरूका : दार लाव. कुणाला काही सांगू नकोस.

सालहा : का? जुळलंय ना?

मबरूका : चुलीच्या उजेडात जुळलेली लोकर मी उन्हात नेऊन बघते, तेव्हा कुठे विणायला घेते. लस्साद, ही लड अंगणात ने. उन्हात धर, फोनवर व्हिडिओ काढ, आणि तो या पडद्यावर दाखव. आता लावलंयस तेच ठेव, काही बदलू नकोस.

सालहा : कशाला उकरून काढतेस? जा रे, तू घरी जा.

मबरूका : जा लस्साद, अंगणात. मला भीती वाटतेय, सालहा.

सालहा : वाटते तर राहू दे ना असंच.

मबरूका : राहू दिलं तर रोज वाटेल. ही लोकर रंगवताना काय म्हणत होते, ऐकलं होतंस?
"भिज भिज गं लोकरी, घट्ट धर धाग्याला,
लेक जाई पाण्यावरी, सोडू नको त्याला."

सालहा : म्हणजे तुला ठाऊक होतं, तो जाणार ते?

मबरूका : त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण ऐन उन्हाळ्यात कोणती आई स्वेटर विणते?

लस्साद : काढला व्हिडिओ. लावतोय.

मबरूका : काय दिसतंय? मी डोळे मिटलेत. सांग.

लस्साद : लाल आहे, मावशी.

मबरूका : कसली लाल?

लस्साद : वाटलेल्या मिरचीसारखी.

सालहा : तुझ्या फोनचा दोष असेल. जहाजावरचं ऊन निराळं, इथलं निराळं. हो ना रे? हो म्हण.

लस्साद : असू शकतं.

मबरूका : परत जहाज लाव. त्याच्या शेजारचं तरंगायचं जाकीट बघा. नारिंगी असतं ते, बंदरावर रोज बघतो आपण. इथं तेही मिरचीच झालंय. हा पडदा सगळ्यालाच रंग चढवतो. माझी लोकर इथं लालभडक दिसायला हवी होती. जी इथं विटकरी दिसतेय, ती मुळात फिकी आहे. गुलाबीच म्हण.

सालहा : मिठाच्या पाण्यात उतरला असेल रंग. म्हण ना ताई, उतरला असेल.

मबरूका : तुरटीत मुरवलाय मी तो. माझा रंग उतरत नाही, सालहा.

सालहा : एकदा तरी उतरला म्हण.

लस्साद : मी बंद करतो, मावशी. टीव्ही परत नेतो, तुमचे तोडे...

मबरूका : राहू दे चालू. बघ, खांदे कसे आवळून उभा आहे. याचीही आई असेल कुठल्या तरी गावात, असाच डाग बघत बसलेली. लस्साद, पोरं शोधणाऱ्या बायकांच्या फोनवरच्या त्या गटावर लिही. फिक्या गुलाबी स्वेटरचा मुलगा जहाजावर आहे, पायांवर उभा आहे.

सालहा : आणि आपला वजदी?

मबरूका : आधी एवढं लिहून होऊ दे.