सहा फूट सर्जेराव

नाय. चपला काढणार नाय, फेटाही काढणार नाय. उंची लिहायची तर लिही — सहा फूट. भिंतीला टेकून उभा राहायला मी काय शाळेतला पोरगा हाय? सर्जेराव सहा फुटाचा हे अख्ख्या गारखेड्याला ठाऊक हाय. तू असशील मेडिकल कॉलेजची, फिरत असशील दारोदार मापं घेत — इथं माझा शब्द चालतो.

अन् कशाला पाहिजेत मापं? नुस्तं हाड सापडलं तर माणूस केवढा होता ते कळावं म्हणून? मला नको सांगू पोरी — हाडानंच माझी इज्जत घेतलीय. उन्हाळ्यात भागूबाईशी, म्हणजे आमच्या कारभारणीशी, माझं वाजलं. मला शुगर हाय म्हणून तिनं लाडवाचा डबा या इथं, पार वरच्या फळीवर ठेवला. ठेव. पण म्हणती कशी — "हात पुरला तर घ्या!" पुरला तर! तसाच उठलो, कुणाला न सांगता तिकडं छावणी भागात बहिणीकडं जाऊन बसलो. आठ दिवस. मोबाईल बंद. इकडं पोरानं, आमच्या सोमनाथनं, ठाण्यात तक्रार दिली — अन् नेमकं कुठं तरी पाया खणताना मांडीचं हाड निघालं. डॉक्टरनं मोजलं, म्हणला, गडी पाच फूट तीन इंचाचा. हवालदारानं घरच्यांना बोलावलं. सोमनाथ म्हणला, "आमचे अण्णा नव्हंत, अण्णा सहा फूट." शाबास. माझं रक्त हाय. तर ही बाई डोळ्याला पदर लावून — "त्यांचंच हाय हो! सहा फूट नुस्ते तोंडानं, अंगानं पाच-तीनच!" भर ठाण्यात! हवालदार म्हणला, मावशी, हाड वीस वर्षांचं जुनं हाय, तुमचा माणूस मंगळवारी गेलाय. तरी ऐकंना — "माप जुळतंय ना? मग द्या इकडं." परक्याचं हाड बघून रडली. लई रडली म्हणं... ते जाऊ दे. मेला समजली, समजू दे. इंच कशाला सांगायचे?

काय? हात? नुस्त्या हाताचं माप चालतं? मग आधी का नाय बोललीस — घे, दोन्ही घे. मनगटापासून मधल्या बोटापर्यंत, व्हय. बैल आवरलेत या हातानं. नीट ताण टेप. लिही. — आता मोबाईलवर काय दाबत बसलीस? हिशेब? कशाचा हिशेब? ...हातावरून उंची निघती? हे आधी सांगायचं असतं! थांब, मोठ्यानं वाचू नको — भागूबाई, आतून हसायचं काम नाय! — किती? पाच-तीन? हात म्हातारा झालाय, आकसलाय, लिही तसं. नाय लिहिता येत? मग झालं तुझं काम. ऊठ. टेप घाल पिशवीत अन् निघ.

थांब. जरा सरळ उभी राहा. लई उंच हायस गं तू. — ती मागं धुणं वाळत घालायला गेली दिसती. इकडं ये, हळू. वरच्या फळीवरचा तो पितळी डबा — तो नव्हं, पलीकडचा — तेवढा काढून दे. आवाज करू नको. दे.

आता निघ.