तळ्यापलीकडचा चेंडू

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन आलोय. अगदी साधा. हातातली वस्तू बदलायची कधी? जुनी मोडल्यावर? नवी परवडल्यावर? की शेजाऱ्यानं घेतल्यावर? — हसू नका! या गावातले निम्मे फ्रीज तिसऱ्या कारणानं आलेत!

शास्त्रात याचं उत्तर असेलही. मला सापडलं नाही. मला ते सापडलं मोबाइलवरच्या एका खेळात. — बघा, लगेच पुढच्या रांगेतल्या काकांनी फोन खिशात घातला! राहू द्या हो काका. आज पहिल्यांदाच तुम्ही विषयाला धरून बसला होतात.

तर ऐका. मिरजेत एक गृहस्थ राहतात. प्रभाकरराव टिल्लू. सगळी नोकरी कुपवाडच्या एका कारखान्यात, स्टोअरकीपर म्हणून. आता स्टोअरकीपर म्हणजे कोण? ज्याच्याकडे सगळं असतं आणि जो काही देत नाही! देवाबद्दलही काही लोक असंच म्हणतात, पण ते देवळात बसून नको.

कामगार यायचा. "साहेब, नवा पाना द्या."

"जुना कुठाय?"

"हा काय. झिजलाय."

"मोडलाय का?"

"मोडला नाही, पण घसरतोय ना साहेब—"

"मोडला की ये."

जुनं जमा करायचं, मगच नवं न्यायचं — हा स्टोअरचा नियम. निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यानं त्यांना घड्याळ दिलं. टिल्लूंनी ते कपाटात ठेवलं. का? तर मनगटावरचं अजून चालत होतं!

त्यांची पत्नी कुमुदिनीबाई. तरुणपणी कॅरमच्या चँपियन! महिला मंडळात त्यांच्याविरुद्ध खेळायला कुणी बसेना. राणी घ्यायच्या, लगेच कव्हर घ्यायच्या, आणि वर समोरचीला म्हणायच्या, "तू चहा टाक तोवर. तुझा नंबर यायला वेळ आहे."

साठी उलटली आणि त्याच बोटात कंप शिरला. आधी चहाच्या कपात लाटा आल्या. मग रांगोळीची रेघ नागमोडी झाली. डॉक्टर म्हणाले — कंपवात.

व्यायाम घ्यायला घरी एक मुलगी येऊ लागली. अस्मा शिकलगार. फिजिओथेरपिस्ट. हुशार पोर! तिनं पाहिलं, काकूंना रबरी चेंडू दाबायचा कंटाळा येतो. तिनं टॅबलेटवर एक खेळ घालून दिला. ऑनलाइन गोल्फ.

गोल्फ माहीत आहे ना मंडळी? मलाही नाही. पण विचारून आलोय. लांबच लांब हिरवळ. या टोकाला माणूस, त्या टोकाला एक भोक. मधे पाणी, वाळू, झाडी. काठीनं चेंडू मारत मारत भोकात घालायचा. म्हणजे संसारच — फक्त गवत नीट कापलेलं!

पडद्यावर एक काटा इकडून तिकडे पळतो. तो बरोबर मध्यावर आला की बोट टेकवायचं. समोरचा खेळाडू कुठला? कधी ब्राझीलचा, कधी जपानचा. आणि इकडे मिरजेत गाऊनवर बसलेल्या कुमुदिनीबाई त्याला हरवतायत! सकाळची गोळी घेतली की तासाभरानं हात शांत व्हायचा. थोडा वेळच. पण त्या थोड्या वेळात ते बोट पुन्हा कॅरमचं बोट व्हायचं.

पण एके ठिकाणी गाडी अडली. एका भोकाच्या अलीकडे मोठं तळं होतं. बाईंची काठी आखूड. कितीही नेमकं मारा — डुबुक!

आता त्या खेळात काठी लांब करता येते. जिंकून जमवलेली नाणी टाकायची, की काठी वाढते. मात्र दोन अटी. काठी वाढली की काटाही जास्त जोरात पळणार. आणि एकदा वाढवलेली काठी पुन्हा आखूड होणार नाही.

नाणी कोण सांभाळत होतं, हे सांगायला हवं का? घरात स्टोअरकीपर असताना?

"अहो, वाढवा ना काठी. चेंडू पाण्यात जातोय."

"अगं, आहे त्या काठीनं जपानला लोळवलंस की काल."

"जिंकायचं नाही हो मला. एकदा ते तळं ओलांडायचंय. माझ्या बोटानं."

"दिवाळीला कमी नाण्यांत होईल. ऑफर येते म्हणे."

दिवाळी आली. ऑफरही आली. टिल्लू म्हणाले, "नाताळला याहून मोठी येते!" ज्या माणसानं जन्मात नाताळ पाळला नाही, तो सांताक्लॉजची वाट बघायला लागला!

अस्मा सगळं बघत होती. एक दिवस स्पष्टच बोलली. "काका, काकूंचा हात आत्ता चांगला आहे. आत्ताच वाढवा."

"आणखी सुधारू दे. मग पळता काटाही धरता येईल तिला."

अस्मानं बॅग भरली, चपला घातल्या. दारात थांबून हळू आवाजात म्हणाली, "काका, हा आजार सुधारत नाही. आपण त्याला फक्त उशीर करतो."

टिल्लू म्हणाले, "तू अजून नवीन आहेस, बाळ."

मंडळी, तुम्ही मनात म्हणाला असाल, चिक्कू माणूस! नाही हो. चिक्कू असता तर माझं काम सोपं होतं, त्याला चार टोमणे मारून मी आरतीला मोकळा झालो असतो. पण ती नाणी काय खरी होती? त्यांत वाण्याकडे कांदासुद्धा येत नाही! मग हा माणूस कशाला जपत होता?

आज काठी वाढवायची म्हणजे काय कबूल करायचं? की कुमुदचा हात यापुढे याहून बरा होणार नाही. आजचाच सगळ्यात चांगला. ते त्यांच्यानं होईना. त्या न वापरलेल्या नाण्यांत त्यांनी बायकोचा बरा झालेला हात ठेवला होता. नाणी शिल्लक आहेत तोवर तो हात यायचा आहे!

दिवस गेले. गोळीनंतरचा शांत वेळ आक्रसत गेला. बाई खेळायच्या, पण कमी. मग एका सकाळी टिल्लूंच्या लक्षात आलं — हिनं बऱ्याच दिवसांत काठी मागितलीच नाही.

मागणं थांबलं की देणारा दचकतो, मंडळी.

अस्मा काकूंना आतल्या खोलीत चालवत होती, तेवढ्यात त्यांनी टॅबलेट घेतला. सगळी नाणी टाकली. एकूण एक! काठी जेवढी वाढते तेवढी वाढवली.

पेटी, जरा सूर द्या. — हात आहे तोवर देई । मग दिले तरी नाही ॥ — पद माझंच आहे. चाल आवडली नाही तर पेटीवाल्यांना बोला.

बाई बाहेर आल्या. "कुमुद, बघ! आता जा तळ्याच्या पार!"

काय हसल्या हो बाई! खुर्ची ओढून घेतली. पदर खोचतात तसा गाऊनचा काठ सावरला. बोट पुढे केलं. आणि काटा सुटला — सण्णकन! बोट थरथरतंय. काटा मध्यावर आला कधी, गेला कधी! बोट टेकलं ते भलत्याच जागी. चेंडू झाडीत. पुन्हा. वाळूत. पुन्हा. पायाशीच पाण्यात — डुबुक.

अस्मानं भिंतीकडे तोंड केलं.

कुमुदिनीबाईंनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून पाहिलं. मग दोन्ही हात कापायला लागले.

"अहो," त्या म्हणाल्या, "जुनीच द्या. जुनीनं निदान खेळता तरी यायचं मला."

आणि प्रभाकरराव टिल्लू, ज्यांनी आयुष्यभर जुनं जमा करून घेतलं, त्यांना सांगावं लागलं, "ती परत येत नाही गं."

माणूस अशा वेळी काय करतो? काहीतरी करतो. टिल्लूंनी टॅबलेट स्वतःच्या मांडीवर घेतला. "थांब, मी मारतो!" या माणसानं कधी गोटी खेळली नव्हती. चेंडू बुडवला. परत बुडवला. कपाळावर घाम. आणि मग — कसा कोण जाणे — काटा मध्यावर, बोट मध्यावर! चेंडू उडाला. पाण्यावरून गेला, गेला, आणि पलीकडच्या हिरवळीवर टप्पा घेऊन थांबला.

"गेला! कुमुद, गेला बघ! पार गेला!"

बाई बघत होत्या. म्हणाल्या, "छान मारलात."

मग थोड्या वेळानं, अजिबात न रागावता, "पण मला तो गेलेला बघायचा नव्हता हो. मारायचा होता."

आहेत मंडळी, दोघंही आहेत अजून. टिल्लू त्यांना घास भरवतात. उत्तम भरवतात, शीतसुद्धा सांडत नाही. भाजीत मीठ किती हवं, तेवढं मात्र बाईच सांगतात, आणि ते ऐकलं जातं. लगेच.

आता तुमच्याकडे वळतो. घाबरू नका, वर्गणी मागत नाही! तुमच्या घरात कुणीतरी तुमच्याकडे काहीतरी मागतंय. फार मोठं नसेल. गाडी शिकव म्हणत असेल, पोहायला ने म्हणत असेल, एकदा समुद्र दाखव म्हणत असेल. आणि तुम्ही म्हणालात, "बघू." आम्ही सगळे शहाणे लोक काय बघतो? आपली शिल्लक बघतो, ऑफर बघतो, सवड बघतो. मागणाऱ्याचा हात कुणी बघतो का हो? आज घरी गेल्यावर तो बघा. नुसता धरून बघा, अजून किती घट्ट आहे ते.

संपलं माझं. आरती होईल, मग प्रसाद. शिरा आत्ताच उतरवलाय, वास आलाच असेल. आणि हे बघा, मागच्या खांबापाशी बसलेल्या बायकांनी डबे आणलेत, मला दिसतायत इथून. घरी नेऊन, फ्रीजमध्ये ठेवून, उद्या सवडीनं खायचा बेत आहे! ते डबे आज पिशवीतच राहू द्या, माझ्या माउल्यांनो.

गरम आहे. इथंच खा.